सोलरची लाइन जोडली तो दिवस

छत्तीसगड वेगळं झालं, बरीच वीजघरं तिकडे गेली, त्यानंतरची ती वर्षं. इंदुरात दिवसातून तीन-तीनदा लाइट जायची. बाकीच्यांना गरमीचा त्रास व्हायचा, आमच्या घरी श्वासाचा. आमच्या ह्यांची सगळी नोकरी मिलच्या कताई खात्यात गेली. रुईने छाती भरली ती भरलीच. रोज मशीनने औषधाची वाफ घ्यावी लागे. दुपारचं औषध निम्म्यावर आलं की लाइट जाई आणि हे खिडकीचा गज धरून बसत. मला ते बघवत नसे. मी आत जाऊन घासलेली भांडी परत घासायची.

शेवटी मुलाने गच्चीवर सोलरच्या प्लेटा बसवून घेतल्या. बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर जिन्याखाली ठेवून कंपनीची माणसं निघून गेली. घराच्या बोर्डाला जोडायला मिस्त्री वेगळा बघावा लागला. आले ते महूचे, फौजेतून रिटायर झालेले, आपले मराठीच.

“सगळं घर चालू ठेवा,” मी म्हटलं.

“काकू, सगळं चालवलं तर तासाभरात बॅटरी बसेल. काय बंद पडलं तर माणूस जाईल, तेवढं सांगा.”

असं तोंडावर विचारणारा माणूस मला पटतो. मी ह्यांच्या मशीनकडे बोट दाखवलं.

“मग मशीन, एक पंखा, एक दिवा. टीव्ही बंद पडला तर पडू दे.”

त्या तिन्हींच्या वायरी जुन्या बोर्डातून काढून ते नव्या डब्यात नेणार होते. त्यांच्याजवळ होल्डरमध्ये लावलेला एक बल्ब होता, त्याला दोन वायरी. मेन स्विच स्वतः बंद केला, तरी हात घालण्याआधी बल्ब लावून बघितला. पाणी प्यायला उठले, परत येऊन पुन्हा बघितला.

“मेन तुम्हीच बंद केला ना? विसरलात की काय?” मी टोमणा मारला.

“मला माहीत आहे, काकू. वायरला माहीत आहे का, ते विचारतो.”

मग त्यांनी विचारलं, “घरात दुसरीकडून कुठून लाइन येते का?”

“नाही,” मी ठासून सांगितलं. खोटं बोलायचं मनात नव्हतं. आमच्या गल्लीत ती गोष्ट कोणी मोजतच नसे. आमचा फेज गेला आणि शेजारच्या भाभीचा चालू असला, की ती भिंतीवरून वायर टाकायची. वायरीच्या दोन्ही टोकांना पिना. एक तिच्या सॉकेटात, एक आमच्या स्वयंपाकघरातल्या. आमचं सगळं घर तिच्या लाइटवर चालायचं. तिचा गेला की आम्ही टाकायचो. गल्लीभर हेच चालायचं.

मिस्त्री गच्चीवर गेले. इकडे आमचा पंखा बंद दिसला म्हणून भाभीने वायर टाकली. ह्यांच्या वाफेची वेळ जवळ येत होती. मी पिन उचलली आणि सॉकेटात खोचली. हात सवयीने गेला, दुसरं काही नाही.

मिस्त्री खाली आले, बोर्डापाशी बसले, बल्ब लावला. बल्ब पेटला.

“काकू, करंट कुठून आला?”

“शेजारून.”

त्यांनी पक्कड खाली ठेवली. “मी मेलो असतो.”

“मेला नाहीत ना,” मी म्हटलं. आजही लाज वाटते.

“ह्या बल्बमुळे नाही मेलो.” आवाज चढवला नाही त्यांनी. “आणि उद्या इन्व्हर्टर चालू असताना ही पिन खोचलीत, तर इन्व्हर्टर जळेल. मग काकांची वाफ कशावर?”

दुसरा असता तर सामान उचलून गेला असता. हे पिन काढून शेजारी गेले.

“अरे भिया, बीस साल से चल रहा है, कुछ नहीं हुआ,” भाभीचा आवाज मला भिंतीपलीकडून ऐकू आला.

“आज होने वाला था, भाभीजी. काकी से पूछ लो.”

त्यांनी आमच्याकडच्या टोकाची पिन कापली आणि तिथे सॉकेटची पट्टी लावली. म्हणजे भाभीने वायर टाकावी, आम्ही त्यात मिक्सर लावावा, पण घराच्या भिंतीत काही घालता येऊ नये. तिचं मनही राहिलं. मला हे चार जन्मांत सुचलं नसतं.

काम एक वाजता झालं. मी जेवायला बोलावलं.

“लाइट किती वाजता जाते?”

“दोनला.”

“मग नंतर.”

दोनला पाच कमी असताना त्यांनी ह्यांना मास्क लावायला सांगितलं. दोनला लाइट गेली. गल्लीतले रेडिओ गप्प झाले. आमचं मशीन घरघरत राहिलं. मिस्त्री इन्व्हर्टरवर तळवा ठेवून उभे होते, गरम होतो का बघत. ह्यांनी सवयीने गज धरला होता. थोड्या वेळाने तो सोडला.

मशीनचा औषधाचा कप रिकामा झाला तेव्हा ह्यांनी मास्क काढून मला दाखवला. “संपलं,” म्हणाले.

“आता वाढा,” मिस्त्री म्हणाले आणि हात धुवायला गेले.