चुन्याचं बोट

नानांबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. कोणी विषय काढला, की "फार हुशार फिटर होते" एवढंच म्हणून मी चहाचं विचारायचो. नाना खरे कसे होते हे सांगायचं, तर गाडीचा टायमिंग बेल्ट बदलला तो दिवस सांगावा लागतो. आणि त्या दिवशी मी कसा वागलो, तेही.

अमळनेरला ते आमच्या शेजारी राहायचे. तेलाच्या गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडली, तरी खाकी शर्टाच्या एका खिशात पाना आणि दुसऱ्यात तंबाखूची डबी असायचीच. डबीतला चुना तंबाखूपेक्षा नटांनाच जास्त लागायचा. नट पक्का कसला, की त्यावर चुन्याचं बोट. ज्याने कसला त्यानेच लावायचं, हा त्यांचा गिरणीतला नेम. "चुना दिसना म्हंजे काम व्हयनं. मंग शंका नही," असं ते म्हणत. चुना दिसला, की काम झालं. घरातली पाण्याची मोटार, शिलाई मशीन, झोपाळ्याच्या कड्या, सगळीकडे पांढरे ठिपके. त्यांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणायचो. त्या हसायच्या, "सऱ्या गावले चुना लावस हाऊ माणूस!"

माझ्या मुलाच्या जुन्या गाडीचा टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप बदलायची वेळ आली. मुलगा गॅरेजला टाकायला निघाला होता. नाना कुंपणावरून ओरडले, "गॅरेज कशाले? आपलं आंगन शे ना!" मुलगा कुरकुरला. मीच जबाबदारी घेतली.

नानांनी जुना पंप उतरवला, त्यातून गळणारं हिरवं पाणी पातेल्यात धरलं, नवा पंप बसवला. इंजिनातल्या दातेरी चाकांवरच्या खुणा जुळवून नवा बेल्ट चढवला. बेल्ट ताणून धरणाऱ्या पुलीचा नट तेवढा कसायचा राहिला, तोच अक्कांनी जेवायला हाक मारली.

"सुभाष, तेवढा नट कस आनि चुना लाव. मी दोन घास खाईसन येस."

मी नट बोटांनी फिरवून बसवला. नानांनी दिलेली डबी हातातच होती, म्हणून चुना आधीच लावला. पाना घ्यायला वळलो आणि फोन वाजला. बोलून परत आलो, तर नटावर चुना दिसला. काम झालंय असंच वाटलं. नाना आले, त्यांनी इंजिन हाताने फिरवून खुणा पुन्हा तपासल्या, चुना पाहिला आणि कव्हर लावलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही धुळ्याला निघालो. इंजिनाचा आवाज ऐकायला म्हणून नाना मुलाशेजारी पुढे बसले. "कशी गाणं म्हनी ऱ्हायनी दख!" म्हणाले. धुळं जवळ आलं आणि खाडकन आवाज होऊन गाडी बंद पडली.

ओढून गॅरेजात नेली. मेकॅनिकने कव्हर काढलं. नट ढिला, बेल्ट सरकलेला, आतले व्हॉल्व्ह वाकलेले. आणि नटावर चुना, तसाच.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. "सुभाष, हाऊ नट तू कसेल व्हता ना?"

फोन, पाना, डबी, सगळं मला त्या क्षणी आठवलं. मुलगा शेजारी लालबुंद होऊन उभा होता. मी म्हणालो, "नाही नाना. जेवून आल्यावर तुम्हीच कसलात. चुनाही तुम्हीच लावलात."

"मी लावा?" ते नटाकडे बघत राहिले. "मंग मन्हा ध्यानमा कसं नही?"

त्यानंतर नानांनी पाना हातात घेतला नाही. सगळी हत्यारं भंगारवाल्याला देऊन टाकली. गॅस बंद केलाय का, हे पाहायला ते जेवता जेवता उठायचे. स्वतःच कडी लावायचे आणि अक्कांना विचारायचे, "मी लायी का?" अक्का आता हसत नव्हत्या. शेवटी त्यांच्या मुलीने दोघांना जळगावला नेलं.

खरं सांगायचंच, असं ठरवून मी एकदा जळगावला गेलो. "नाना, त्या नटाचं..." एवढंच म्हणालो, तर त्यांनी माझा हात धरला.

"माफ कर रे भो. तुन्हा पोऱ्यानी गाडी मी बिघाडी. डोकंच ऱ्हायनं नही मन्हं."

आणि मी म्हणालो, "जाऊ द्या नाना."

त्या हिवाळ्यात ते गेले. अक्काही आता नाहीत.

नाना, तुमचं डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं. तो नट मी कसला नव्हता. चुना मी लावला होता. मला माफ करा.