जयगड ते रत्नागिरी, भावाबरोबर

जयगडहून निघालो तेव्हा खाडीला ओहोटी होती. तीच आम्हाला बाहेर काढत होती. यॉट माझ्या धाकट्या भावाची. नौदलातून निवृत्त झाल्यावर त्याने ती जुनी घेतली. तीस फूट लांब, एक डोलकाठी, दोन शिडं, आत झोपायला दोन बाकं. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको गेली, तेव्हापासून तो होडीवरच राहतो. आता तो कोचीपर्यंत जाणार होता. एकटाच.

मी कराडहून पाटणमार्गे घाट उतरून आलो होतो. रत्नागिरीपर्यंत सोबत करतो, असं त्याला सांगितलं होतं. खरं म्हणजे मला त्याला घरी न्यायचं होतं. घरातली त्याची खोली मी रिकामी ठेवली होती. रंग दिला होता, नवा पंखा लावला होता.

अंतर वीस मैलांच्या आसपास आणि वेग ताशी चार-पाच, म्हणजे माझ्या हिशेबाने बोलायला भरपूर वेळ होता. पण होडीवर बोलणं जमत नाही. तो सारखा काहीतरी ओढत होता, सैल करत होता, आणि मी त्याच्या वाटेत येत होतो.

"दादा, आवं, त्या दोरीवर नका बसू. ती ताणली तर तुमी थेट पाण्यात."

"मग बसू कुठं?"

"कुटंबी बसा. दोरीवर न्हाई."

दुपारी माझ्या बायकोने दिलेलं भाकरी-खर्ड्याचं फडकं सोडलं. होडीवर ताट एकच होतं. आधी त्याने मला वाढलं. माझं झाल्यावर त्याने ते समुद्राच्या पाण्यात विसळलं आणि स्वतःला घेतलं. दुसरं ताट का नाही, हे मी विचारलं नाही.

आदल्या रात्री त्याला झोप नव्हती. "जरा पडतो," तो म्हणाला. "ते लांबचं टेकाड दिसतंय न्हवं? होडीचं तोंड तिकडं धरा." सुकाणू माझ्या हातात देऊन तो आत गेला.

डावीकडे किनारा होता. उजवीकडे काहीच नव्हतं. वारा त्या बाजूने येत होता. आमच्या रानाला चारी बाजूंनी बांध आहे. इतकी मोकळी बाजू मी कधी पाहिली नव्हती. भाऊ दोन हातांच्या अंतरावर झोपलेला असूनही मला फार एकटं वाटलं. हा रोज असाच बसत असेल.

नांगर धरायला शिकवताना आबा, आमचे वडील, सांगायचे, समोरच्या बांधावरच्या झाडावर नजर ठेव, मागे बघू नको, नांगराचा तास सरळ येतो. मी तसंच केलं. टेकाडावरून नजर हलवली नाही. होकायंत्रातला आकडा मात्र हळूहळू वाढत होता. मला वाटलं, यंत्र बिघडलंय.

तो वर आला आणि माझ्या हातातून सुकाणू घेऊन त्याने होडी बाहेर वळवली. तेव्हा मला किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांचा आवाज ऐकू आला.

"ह्या दुसऱ्या यंत्रात पाणी किती खोल दाखवतंय बघितलं न्हाई व्हय? मगाशी वीस मीटर हुतं. आता सहा."

"तोंड तर टेकाडाकडंच हाय की."

"तोंड हाय. पर वारा समद्या होडीला किनाऱ्याकडं ढकलतोय. हे रान न्हवं, दादा." मग तो हसायला लागला. "आबांचा नांगर धरलासा तुमी!"

मीही हसलो. किती दिवसांनी आम्ही बरोबर हसत होतो. हीच वेळ, असं वाटून मी म्हणालो, "घरला चल. तुझी खोली तयार हाय."

तो शिडाकडे बघत राहिला. "तितं सकाळी उठून मी करू काय?"

"ऊस हाय, जनावरं हायती."

"ते तुमचं हाय."

"आपलं हाय."

रत्नागिरीचा दीपस्तंभ जवळ आल्यावर त्याने विचारलं, "यंदा कांदा कुटं ठेवणार?"

"गोठ्यात. नेहमीसारखा."

"तितं निम्मा सडतो. माझ्या खोलीत ठेवा. वारं लागतंय."

मला काय ते समजलं. बंदरात उतरताना त्याने माझी पिशवी हातात दिली आणि वाकून पाया पडला. घाट चढताना एसटीत माझ्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामीच राहिली.

कांदा निघाला तेव्हा तो मी त्याच्याच खोलीत पसरला. पंखा कांद्यावर फिरतो. खाटेपर्यंत जायला माणसापुरती वाट तेवढी मोकळी ठेवली आहे.