एक जण जोडलेला आहे

कुंभार पिंपळगावचे राधाकिसन तौर संगणक दुरुस्त करतात. बंद मात्र करत नाहीत. काम आटोपले की खुर्चीवरून उठून घरच्या माणसाला म्हणतात, "दाबा तुम्हीच." या सवयीचे मूळ २००७ च्या उन्हाळ्यातील एका दुपारी आहे. त्या वेळी हजर असलेल्या सगुणाबाई आणि त्यांची मुलगी शिवकन्या यांच्याशीही मी वेगवेगळे बोललो. तपशील जुळतात.

सगुणाबाईंचे पती आबाराव बियाण्यांचे दुकान चालवीत. एक संगणक दुकानात, दुसरा मागच्या खोलीत. दोन्ही तारेने जोडलेले, म्हणजे दुकानातल्या फायली आत बसून उघडता येत. आबाराव वारल्यावर खोलीला कुलूप लागले. दुकान शिवकन्येकडे आले आणि तिचे इंटरनेट रखडू लागले.

राधाकिसन यांनी मोडेम तपासला, तार बदलली. मग संगणक बंद करून पुन्हा सुरू करायचे ठरले, तेव्हा पडद्यावर इंग्रजी सूचना उमटली. शिवकन्येने ती मराठीत सांगितली, "आई, एक जण या मशीनशी जोडलेला हाय म्हनतंय. बंद केलं तर त्याचा संपर्क तुटंल."

सगुणाबाई दारातच थबकल्या.

"काकू, भुताला पासवर्ड कुठून येनार?" राधाकिसन हसले. एकटेच.

"मंग तोडू नको. आधी पाह्य कोन हाय ते."

मागच्या खोलीचे कुलूप उघडले. खोलीत अंधार, पडदा काळा; पण टेबलाखाली यंत्राचा पंखा घुमत होता आणि हिरवा दिवा लागलेला होता.

राधाकिसन यांना उलगडा झाला. भारनियमनानंतर वीज परतताच यंत्र आपोआप सुरू व्हावे, अशी सोय आबारावांच्या सांगण्यावरून त्यांनीच करून दिली होती. घरच्यांनी बंद केला होता तो नुसता पडदा. वीज आली की यंत्र उठे, आबारावांच्या नावाने दुकानातल्या फायलींशी जोडले जाई आणि इंटरनेटवरून स्वतःचे नवे भाग, म्हणजे अपडेट, उतरवत बसे. दुकानाला मग इंटरनेट उरत नसे.

"बंद करावंच लागन, आई."

"मी करते," सगुणाबाई म्हणाल्या. शिवकन्येने दाखवले तिथे त्यांनी बोट टेकवले. पंखा थांबला.

दुकानात येऊन राधाकिसन यांनी तिथला संगणक बंद करण्याची पुन्हा आज्ञा दिली. सूचना तीच आली: एक जण. जुनी जोडणी काही वेळ यादीत राहते, हे त्यांना ठाऊक होते. तरी त्यांचा हात पुढे गेला नाही.

"काय म्हनून राह्यलंय?" सगुणाबाईंनी विचारले.

"काही न्हाई, काकू."

तेवढ्यात वीज गेली. तिघे उकाड्यात बसले. वीज परतली आणि मागच्या खोलीत पंखा घुमू लागला.

"आले," सगुणाबाई म्हणाल्या, आणि पाण्याचा तांब्या भरून आत गेल्या.

यंत्रातली जुनी सोय बदलायची राहिली होती, एवढेच. राधाकिसन यांनी ती नंतरही बदलली नाही. फक्त नवे भाग उतरवणे थांबवले. दुकानाचे इंटरनेट सुरळीत चालते. खोलीला कुलूप नसते.

मी तिथे गेलो त्या दुपारीही वीज जाऊन आली. सगुणाबाई तांब्या घेऊन उठल्या. माझ्या शेजारी बसलेले राधाकिसन खुर्ची सोडून उभे राहिले.