उरलेले किलोमीटर

गाडी परत द्यायच्या दिवशी सुग्रीवनं ती इतकी घासूनपुसून धुतली, की तेवढी आंघोळ त्यानं स्वतःच्या लग्नातसुद्धा केली नसंल. गाडी त्याची नव्हतीच. तीन वर्षांच्या करारावर भाड्यानं घेतलेली. बियाण्याच्या कंपनीत साहेब झाला, तवा जुन्या जालन्याच्या गल्लीत आणून उभी केल्ती. मेंढरामागं हिंडलेलं घराणं. चार चाकं घरात पहिल्यांदाच.

त्याची माय गोपिकाबाई. तिचं तीन वर्षं एकच मागणं. "सुग्र्या, कुंभार पिंपळगावला सगुणाकडं नेऊन आण रे. बहीण अंथरुणाला खिळली. मला यष्टीची पायरी चढवत न्हाई."

याचं उत्तर ठरलेलं. "माय, करारात किलोमीटर मोजून दिलेत. जास्त झाले की दंड."

करारात तसं होतं खरं. पण याच्या पोटात भलतंच. मावशीच्या दारी शेळ्या, वाटंला बाभळी. ओरखडा पडला तर, वास लागला तर? माय बिचारी शेजारणीला सांगायची, "पोराला किलोमीटर पुरत न्हाईत."

त्या दिवशी मायपण संगं निघाली. परक्याची वस्तू रिकामी परत देऊ न्हाये म्हणून तिनं फडक्यात ओंजळभर ज्वारी बांधली. गाडीत बसली ती चपला मांडीवर घेऊन. सुग्रीवनं पाहिलं, पण "ठेव खाली" असं काही त्याच्या तोंडून निघालं न्हाई.

गाडीवाल्यांच्या आवारात राधेश्याम नावाचा माणूस गाडीभोवती तीनदा फिरला. आत वाकून आकडा वाचला.

"एक नंबर ठेवली साहेब! अन् किलोमीटर तर चौदा हजार उरलेत. फिरलेच न्हाई का कुठं?"

सुग्रीवच्या कानशिलाला चटका बसला. माय मात्र फडकं राधेश्यामच्या हाती देत म्हणाली, "लई जपून वापरतो माझा लेक."

"आज संध्याकाळपर्यंत ठेवून घेऊ का गाडी?" सुग्रीवनं घाईनं विचारलं.

"आता सही झाली साहेब. चावी जमा."

रस्त्यावर आल्यावर त्याला राहवलं न्हाई. "माय, किलोमीटर लई होते. मी खोटं बोललो. गाडी खराब व्हईल म्हणून नेलं न्हाई तुला."

माय थांबली. पदर सावरला.

"माझ्यानं खराब व्हईल म्हणून?"

न्हाई म्हणावं तर दुसरं खोटं. त्यानं रिक्षा थांबवली अन् मायला बसस्टँडवर नेलं. कुंभार पिंपळगावच्या यष्टीच्या पायरीशी तिच्या काखेखाली खांदा लावला. कंडक्टरनं वरून हात धरला. "जल्दी करा आजी!" तशी ती कण्हत, त्याच्यावरच करवादत वर चढली.

खिडकीशी बसली. शेजारची जागा रिकामी होती, तिथं तिनं आपली पिशवी ठेवून दिली.

सुग्रीव दांडा धरून उभा राह्यला. अंबड आलं तरी पिशवी काही हलली न्हाई, अन् त्यानंपण ती उचल म्हटलं न्हाई.