एका साच्यातल्या दोन बोटी

तिला सगळे भिंगरी म्हणत. कागदोपत्री तिचं दुसरं काही नाव होतं, पण त्या नावानं हाक मारली असती तर तिनं मागे वळूनही पाहिलं नसतं. लहानपणी जेवताना तिचे पाय हलायचे, अभ्यासाला बसली की खुर्ची डुगडुगायची. पन्नाशी उलटली तरी तिचा पाय घरात ठरत नव्हता. चहा ती अर्धा ओट्यापाशी प्यायची, अर्धा दारात, आणि रिकामा कप संध्याकाळी शिंप्याच्या मशीनखाली सापडायचा.

शिंपी म्हणजे तिचा नवरा. तो बोटींच्या गाद्या आणि वरची छपरं शिवायचा. एकदा मशीनपुढे बसला की घराला आग लागली तरी हातातली शिवण पुरी करूनच उठेल, असा माणूस. "वरच्यानं तुमची जोडी जमवताना घोळ घातला," भिंगरीचा दादा म्हणायचा. "हिच्या वाटची बैठकसुद्धा ह्यालाच देऊन टाकली."

दादाची आणि तिची शेड एकच, नदीकाठी. वडील तिथे फायबरच्या बोटी बनवायचे. शेवटच्या दोन त्यांनी एकाच साच्यातून काढल्या, जुन्या पद्धतीच्या, जाड अंगाच्या, आणि मग साचा मोडून टाकला. वडील गेल्यावर एक बोट दादाच्या वाट्याला आली, एक भिंगरीच्या. तिथूनच वादाला तोंड फुटलं.

दादाचं म्हणणं, इंजिन बोटीच्या पोटातच हवं. मधोमध, खाली, पाण्याच्या जवळ. "बाबांनी तळाचा आकार त्याच हिशेबानं काढलाय. वजन मध्ये असलं की बोट कशी अंड्यांवरच्या कोंबडीसारखी बसते. धक्का नाही, डुलणं नाही." त्यानं एक जुनं डिझेल इंजिन मिळवलं, सुटं करून प्रत्येक भाग धुतला, घासला, आणि आपल्या बोटीत बसवलं. इतकं हळू सुरू व्हायचं की भिंगरीला त्याचा आवाज ऐकूनच जांभई यायची.

भिंगरीनं आपल्या बोटीच्या मागच्या भिंतीला खाच पाडली आणि बाहेरच्या बाजूनं दोन इंजिनं टांगली. दोन का, तर त्याला कारण होतं. ती नऊ-दहा वर्षांची असताना वडिलांबरोबर नदीच्या मुखाशी गेली होती आणि बोटीचं एकुलतं एक इंजिन बंद पडलं. ओहोटीनं बोट बाहेर ओढत नेली. वडील इंजिनात डोकं घालून बसलेले, आणि तिला सांगितलेलं, "हलू नकोस. तू हललीस की बोट हलते, माझा हात हलतो." काठ लहान होत गेला, मग दिसेनासा झाला, आणि ती हात मांडीखाली दाबून बसून राहिली. ऊन कलल्यावर एका मालवाहू बोटीनं त्यांना ओढून आणलं. त्या दिवसाबद्दल ती कुणाशी फारसं बोलत नसे. फक्त म्हणायची, "एक बंद पडलं तर दुसरं पाहिजे. बस्स."

बहीणभाऊ एकाच छपराखाली काम करत होते, एकमेकांचे पाने-पक्कड वापरत होते, पण एकमेकांच्या बोटीत पाय ठेवत नव्हते.

अशात एक दिवस दवाखान्यातल्या सिस्टर आल्या. नदीच्या वरच्या अंगाला वस्त्या होत्या, तिथून आजारी माणूस आणायला रस्त्यानं अर्धा दिवस जायचा. दवाखान्याला बोट हवी होती. सिस्टरांनी दोन्ही बोटींच्या अंगावर हात फिरवला.

"ह्या दोघी सारख्याच दिसतात की."

"दिसतात," दादा म्हणाला.

"फक्त दिसतात," भिंगरी म्हणाली.

"मग मी दोन्हीत बसून बघते. रुग्णासकट."

रुग्ण कुठून आणायचा? भिंगरीनं शिंप्याकडे पाहिलं. "अहो, तुम्हाला पडून राहायला जमेल ना?"

"त्यासाठी तर जन्म घेतलाय," शिंपी म्हणाला.

चाचणीच्या सकाळी नदीवर धुकं होतं. धुकं उठेपर्यंत थांबायचं होतं आणि तेच भिंगरीला जमत नव्हतं. तिनं इंजिनांची टोपणं काढली, लावली, पुन्हा काढली. दोर गुंडाळला आणि सोडला. "अगं, त्या दोराला चक्कर येईल," शिंपी स्ट्रेचरवरून म्हणाला. तो केव्हाच आडवा झाला होता.

आधी तिची बोट निघाली. दोन्ही इंजिनांनी आवाज लावला, पुढचं टोक वर आलं आणि बघता बघता बोट पाण्यावर सपाट होऊन धावायला लागली. वारा तोंडावर आला आणि भिंगरीच्या अंगातली चुळबुळ जरा निवली. वाळूच्या बांधापाशी तिनं इंजिनं थोडी उचलून घेतली आणि बोट गुडघाभर पाण्यावरून अलगद निघून गेली. सिस्टर हसल्या. भिंगरीला वाटलं, झालं, जिंकलो.

मग सिस्टर म्हणाल्या, "आता एकदम थांबवून दाखवा. वस्तीच्या धक्क्याला लावायची आहे असं समजा."

तिनं वेग तोडला. बोटीची पिछाडी दोन इंजिनांच्या वजनानं खाली बसली आणि बोटीनंच उठवलेली लाट मागून येऊन खाचेतून आत शिरली.

"मला काही म्हणायचं नाही," शिंपी पडल्या पडल्या म्हणाला, "पण रुग्णाची पाठ भिजली आहे."

दादाच्या बोटीत पाणी आलं नाही. पण मधोमध इंजिनाची पेटी, त्यामुळे स्ट्रेचर सरळ मावेना. शिंप्याला तिरका ठेवावा लागला, डोकं एका कठड्याला आणि पाय दुसऱ्या. आवाज एवढा की सिस्टरांनी त्याची नाडी धरून काहीतरी विचारलं आणि त्यानं भलतंच उत्तर दिलं. तरी बोट चालत होती झोकात, पाणी कापत. आणि वाळूच्या बांधावर तिचा तळाखालचा पंखा वाळूत घासला, कर्रकन आवाज झाला आणि बोट जागच्या जागी रुतली.

काठावरून भिंगरी हे बघत होती. तिला हसू आवरेना. ती आपली बोट घेऊन सुटली, दोर फेकला, आपल्या बोटीच्या मागच्या भिंतीतल्या कडीला बांधला. "कोंबडी अंड्यांवर बसली वाटतं, दादा!"

"ओढ गुमान."

तिनं दोन्ही इंजिनांना जोर दिला. दोर ताणला गेला. दादाची बोट हलली, आणि तेवढ्यात दादा ओरडायला लागला. आधी तिला वाटलं, वैतागून ओरडतोय. मग शब्द ऐकू आले. "बंद कर! भिंगरे, भिंत वाकतेय! मागची भिंत!"

तिनं वळून पाहिलं. दोन्ही इंजिनं मागे झुकली होती, जसे कुणी दात हलवून हलवून सैल करावेत. फायबरवर केसासारखी रेघ उमटली होती आणि तिच्यातून तपकिरी पाणी झिरपत होतं.

धक्क्याला आल्यावर दादानं लाकडी हातोडी घेतली आणि तिच्या बोटीच्या मागच्या भिंतीवर ठोकत गेला. अशा जुन्या बोटींच्या मागच्या भिंतीत फायबरच्या दोन थरांमध्ये लाकूड असतं. खाचेतून, भोकांतून पाणी शिरलं की ते कुजतं; कोरडं असेल तर टणटण वाजतं. हे वाजलं ओल्या पुठ्ठ्यासारखं. सगळीकडे.

"ठोकून पाहिलं नव्हतंस?"

भिंगरीनं त्या रेघेवरून अंगठा फिरवला. नव्हतं पाहिलं. एवढंसं काम, पण त्यासाठी बोट रिकामी करून सावकाश बसावं लागलं असतं, आणि तिला बोट पळवायची घाई झाली होती. भर प्रवाहात ती भिंत तुटली असती तर? आत आजारी माणूस असता तर? मघाशी तर आत तिचा नवराच होता.

सिस्टर ओल्या चपला हातात घेऊन उभ्या होत्या. "मला ह्यातली एकही चालणार नाही," त्या सरळ म्हणाल्या. "पण बोट लागणारच आहे. तुम्ही दोघं बोला. मी परत येईन."

भिंगरी बोलायला थांबलीच नाही. ती काठाकाठानं चालत सुटली. पुलापर्यंत गेली, पुलावर गेली, मधेच उभी राहिली, परत फिरली. विशीत ती अशीच एकदा शेडमधून निघाली होती आणि काही वर्षं ह्या बंदरातून त्या बंदरात इंजिनं दुरुस्त करत हिंडली होती. दादा तेव्हा वडिलांजवळ राहिला. त्यानं कधी तोंडानं काढलं नाही, पण ती उठून बाहेर पडली की तो दाराकडे बघत राही. आताही निघून जावं असं तिला वाटलं. कुठेही. पण डोक्यात ती भिंत होती, तो पंखा होता, तिरपा झोपलेला शिंपी होता, आणि हे सगळं एकमेकांवर आपटत आपटत हळूहळू जागेवर बसायला लागलं.

ती धापा टाकत शेडमध्ये आली. दादा आपल्या बोटीखाली वाकलेला पंखा काढत होता.

"दादा, तुझी भिंत वाजव."

"काय?"

"तुझ्या बोटीची. ठोक की."

त्यानं ठोकलं. टण, टण, टण. त्या भिंतीला कधी कुणी भोकच पाडलं नव्हतं.

"बोट तुझी घेऊ," ती म्हणाली. "भिंतीला खाच पाडायची नाही, ती अशीच उंच ठेवायची, म्हणजे लाट आत येत नाही. बाहेर लोखंडी चौकट लावायची, तिच्यावर माझ्या दोनांतलं एक इंजिन. पिछाडी जड होईल, म्हणून टाकी आणि बॅटऱ्या पुढे न्यायच्या. मधली जागा सगळी रिकामी. स्ट्रेचर सरळ."

दादानं वाकलेला पंखा खाली ठेवला. "म्हणजे माझं डिझेल काढायचं."

"हो."

"आणि तुझं ते एक बंद पडलं तर?"

तिचे हात आपोआप मांडीकडे गेले. "बाजूला एक लहानसं लावू. धावायला नको, परत येण्यापुरतं."

"चालेल तुला? एकावर?"

"चालेल की नाही ते मला माहीत नाही. पण दोनांचं वजन ही बोट उचलत नाही, ते मी आज डोळ्यांनी पाहिलंय."

दादानं डिझेल स्वतःच्या हातांनी काढलं. भिंगरीनं मदत देऊ केली तर म्हणाला, "तू जरा बाहेर जा." ती बाहेर गेली, शेडला फेऱ्या मारत राहिली, आणि साखळीचा खडखडाट थांबला तेव्हाच आत आली. इंजिन जमिनीवर लाकडी ठोकळ्यांवर होतं आणि दादा चिंध्यांनी ते पुसत होता. तिनंही एक चिंधी घेतली.

मग काम सुरू झालं ते सुरूच राहिलं. डिझेलपासून पंख्याकडे जाणाऱ्या जुन्या दांड्याचं तळातलं भोक दोघांनी थरावर थर देऊन बुजवलं. प्रत्येक थर वाळायला वेळ लागायचा आणि तेवढा वेळ भिंगरी सोबतच्या सगळ्यांना भंडावून सोडायची. दादानं चौकट तीनदा तपासली. शिंप्यानं स्ट्रेचरखाली गादी शिवली, पाणी न शोषणारी, कारण त्याला स्वतःच्या पाठीचा अनुभव होता.

सिस्टर आल्या, बसल्या, वेगात गेल्या, झटकन थांबल्या. पाणी आत आलं नाही. वाळूच्या बांधावर इंजिन उचललं आणि बोट पार झाली. "ही," त्या म्हणाल्या.

पहिल्याच आठवड्यात वरच्या वस्तीतून निरोप आला. एक बाई अडली होती. चालवायला दुसरं कुणी अजून शिकलेलं नव्हतं, म्हणून भिंगरीच गेली. परतीच्या वाटेवर सिस्टर गादीवर वाकून त्या बाईशी हळू आवाजात बोलत होत्या आणि त्यांचा प्रत्येक शब्द भिंगरीला ऐकू येत होता. भरती लागल्यानं प्रवाह उलटा होता. इंजिन एकसारखं चालत होतं, तरी तिचा कान त्याच्यावरच होता, आणि मान दर थोड्या वेळानं त्या बाजूच्या लहान इंजिनाकडे वळत होती. दवाखान्याचा धक्का दिसला तेव्हा कुठे तिनं श्वास सोडला. मूल दवाखान्यात झालं, मुलगी, रडकी आणि धडधाकट.

तसा निरोप धक्क्यावर आला तरी भिंगरी बोटीतून उतरली नाही. तिनं दादाला फोन लावला.

"पोहोचलात?" त्यानं विचारलं. "बाई ठीक?"

"दोघी ठीक आहेत. ऐक, भरल्या बोटीत इंजिन जरा दबून चालतंय. पंखा बदलायला पाहिजे, कमी पिचचा, कमी तिरक्या पात्यांचा."

"आजचा दिवस तरी राहू दे गं त्या बोटीला."

"आणि टाकी अजून हातभर पुढे."

"बरं. ये घेऊन."

"मी निघालेच आहे," ती म्हणाली, आणि एका हातानं दोर सोडायला लागली.