एका उद्गारचिन्हाची सोयरीक

“काका, मी पसंत केली गोरेगावची मुलगी. हे म्हणतंय, ‘ठाण्याच्या इंजिनिअर मुलाला तुमची पसंती कळवली आहे.’ आता त्याच्या आईचा फोन आला तर काय सांगू?”

स्क्रीनकडे बोट दाखवत एका मुलाने मला विचारलं. मुलुंडच्या हॉलमध्ये वधूवर मेळावा रंगात आला होता. स्थळं निवडायची वेबसाइट मी बनवलेली. तिचा सर्व्हर, म्हणजे जिथून ती चालते तो कॉम्प्युटर, सांभाळायचा माझा पार्टनर वैती. आणि मेळावा सामंतबाईंचा. त्यांनी कंबरेवर हात ठेवून विचारलं, “पेडणेकरानु, ह्या काय चल्लाहा?”

“सर्व्हर हँग झालाय,” मी म्हणालो. तेव्हा तो अंदाज होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो खोटेपणा झाला.

कारण सकाळी मला चूक सापडली आणि ती माझी होती. साइट जेएसपी नावाच्या तंत्रात लिहिलेली आहे. जेएसपीचं पान छापून तयार ठेवलेलं नसतं. तुम्ही मागितलंत की सर्व्हर ते तुमच्यापुरतं बनवून पाठवतो. पण बनवणारा आचारी एकच, आणि तो एकाच वेळी पन्नास जणांना वाढत असतो. म्हणून ज्याची त्याची ऑर्डर वेगळ्या चिठ्ठीवर लिहायची. सगळ्यांना सामायिक असलेली गोष्ट, उदाहरणार्थ आजवर किती जणांनी पान पाहिलं तो आकडा, तेवढी भिंतीवरच्या फळ्यावर. ‘हे फळ्यावर लिही’ असं सांगायची खूण म्हणजे टक्क्याच्या चिन्हापुढे एक उद्गारचिन्ह.

मी त्या आकड्याचीच ओळ कॉपी केली होती. नाव बदललं, उद्गारचिन्ह तसंच राहिलं. त्यामुळे प्रत्येकाने निवडलेल्या स्थळाचा यादीतला नंबर फळ्यावर जात होता. घरी बसून एकेकट्याने वापरताना काही बिघडत नव्हतं. हॉलमध्ये सगळे एकदम बसले. तुम्ही स्थळ निवडून ‘नक्की?’ला ‘हो’ म्हणेपर्यंत शेजारचा माणूस फळा पुसून स्वतःचा नंबर लिहून मोकळा.

दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. नंबर सेशनमध्ये टाकला. सेशन म्हणजे प्रत्येक माणसाचा स्वतःचा खण. आणि मी गप्प बसलो.

सामंतबाईंनी तक्रार करणाऱ्यांच्या पसंत्या फोनवर पुन्हा घेतल्या. वैती मात्र आठवडाभर सर्व्हर उचकटत होता. “माझंच कुठेतरी चुकलंय यार,” म्हणायचा. बाईंकडे जाऊन माफीही मागून आला. मी समोर बसून चहा पीत होतो. हे लिहितानाही कान गरम होतात.

काही महिन्यांनी बाईंचा फोन आला. साइटवरून पहिलं लग्न जुळलं होतं. घाटकोपरची केतकी, बोरिवलीचा नीलेश. “पयल्या पानावर फोटो लाव. खाली लिही, ‘मेळाव्यात पहिली पसंती मुलीकडून.’ नीलेश सगळ्यांका तांच सांगत फिरता.”

मेळावा म्हटल्यावर मला शंका आली. मी लॉग उघडला. कोणी काय उघडलं याची सर्व्हर ठेवतो ती नोंदवही. केतकीने निवडलेलं स्थळ होतं एकशे अठरा. नीलेश होता एकशे त्रेसष्ट.

ती ओळ मला टाइप करवेना.

दोघं बाईंच्या ऑफिसात फोटो द्यायला आली तेव्हा मी वैतीला घेऊन गेलो आणि सगळं सांगून टाकलं. फळा, उद्गारचिन्ह, एकशे अठरा. वैतीकडे न बघता शेवटी म्हणालो, “सर्व्हरला काहीही झालं नव्हतं.”

नीलेश केतकीकडे वळला. “म्हणजे तू मला पसंत केलंच नव्हतंस?”

“नव्हतं.”

“आणि तुला माहीत होतं?”

“फोन आला तेव्हाच कळलं. मी चष्मेवाला सीए निवडला होता, तू बोलायला लागलास तो मनोरीच्या बोंबलांवर. राँग नंबर म्हणून ठेवणार होते.”

“मग ठेवला का नाहीस?”

“तू थांबलास कुठे रे? चाळीस मिनिटं बोललास. मग म्हटलं, भेटून तरी बघू.”

नीलेश आधी गोरामोरा झाला, मग हसायला लागला ते थांबेचना. बाई म्हणाल्या, “त्या सीएचा अजून जमूक नाय. त्याका कोणी सांगू नका.”

राहिला वैती. तो खुर्चीतून उठला, माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

“आठवडाभर मी सर्व्हर उचकटला.”

“हो.”

“नवीन मेमरी टाकली.”

“हो.”

“आणि तू चहा पीत होतास, हरामखोरा.” मग बाईंकडे वळून, “काकू, माझी ती माफी परत द्या. याच्याकडून घ्या.”

मी बाईंची मागितली. मग त्याची. त्याची मागायला लागलो, तसा त्याने पाठीत धपका घातला आणि म्हणाला, “चल, पुरे झालं नाटक.” इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

फोटोखालची ओळ केतकीने स्वतः सांगितली, मी तिथेच टाइप केली: ‘फोन चुकून लागला. पसंती विचार करून केली.’ त्या ओळीमुळे बाईंकडे चौकशा वाढल्या, असं त्या सांगतात.

आता नवीन पान साइटवर चढवण्याआधी मी आणि वैती दोन कॉम्प्युटरवर बसून एकाच वेळी बटणं दाबतो. एकट्याने तपासलेलं पान नेहमी बरोबरच चालतं.