अवसेची सुट्टी

आमच्या घरात घड्याळ नव्हतं. दिवाळी झाली की माझे आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे, आणि फडाजवळच्या पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, पहाटे तीनला उठायचं ते आभाळाकडे बघून. आभाळात एका ओळीत तीन तारे असतात, त्यांना आमच्याकडे तिकांडं म्हणतात. ते मावळतीला कललं की माय उठायची आणि ती उठली की आजूबाजूच्या कोप्या उठायच्या. फोटो म्हणाल तर आधारकार्डावरचे तेवढे. माझा माणसासारखा पहिला फोटो निघाला तो माजलगावच्या कॉलेजात नाव घालताना, फॉर्मवर चिकटवायला. तो काढला चाचांनी.

चाचांचा बसस्टँडजवळ फोटो स्टुडिओ होता. चाळीस वर्षं त्यांनी लग्नं काढली. सगळं गाव त्यांना चाचाच म्हणायचं. ते कुणालाही ‘हसा’ म्हणत नसत. ‘एक, दोन’ म्हणायचे आणि दोनलाच बटण दाबायचे. तीन कधी ऐकूच आला नाही.

"तीनपर्यंत माणूस तयार होतो," ते सांगायचे, "अन् तयार झालेला माणूस खोटा दिसतो."

माझ्या फोटोत तोंड अर्धवट उघडं आलं होतं. मी कुरकुर केली.

"मग? काहीतरी इचारायचं होतं ना तुला? तेच आलंय त्यात."

खरंच विचारायचं होतं. इथं काम मिळेल का, एवढंच. मिळालं. सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर चाचांच्या कॉम्प्युटरवर लग्नाचे अल्बम लावायचं काम. मी आमच्या सगळ्या भावकीत पहिली पदवीधर आहे. हे मी जिथं जाईन तिथं सांगते, लोक कंटाळले तरी सांगते. त्या पदवीत चाचांच्या स्टुडिओतल्या खुर्चीचा वाटा आहे, तेही सांगते.

चाचांचं दुकान रविवारी उघडं आणि अमावस्येला बंद असायचं. बाहेरगावचं गिऱ्हाईक चक्रावून जायचं. मुसलमानाचं दुकान आणि अवस पाळतो? चाचा हसायचे. "मी कुठं पाळतो? तुमी पाळता. अवसंला तुमची लग्नं न्हाईत, मग मी दुकान उघडून काय भिंतीचे फोटो काढू?" लग्नसराईत महिन्यातली तेवढीच एक त्यांची हक्काची सुट्टी. त्या दिवशी ते लेन्स पुसत बसायचे.

मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा त्यांचे डोळे अधू व्हायला लागले. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंबांनी धरून ठेवायची. चाचांनी ते ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दुकानात मला भलतंच काहीतरी सांगितलं. "बेटा, आता मला तारे दिसत न्हाईत. दिवसाचं दिसतं, कॉम्प्युटरवरचं मोठं करून दिसतं. तारे गेले."

मग त्यांनी सांगितलं. ते मूळचे तलवाड्याचे. त्यांचे अब्बा सीताफळं विकायचे, रात्रीच बैलगाडी जुंपून आठवडी बाजाराला निघायचे. पोरगा सीताफळांच्या पाट्यांवर उताणा झोपून जायचा. "वर एवढे तारे, की वाटायचं पाटी उलटी झाली. चाळीस वर्षं लोकांचे फोटो काढले. ते एक काढायचं राहिलं. तू काढ. कॉम्प्युटरवर तरी बघू दे मला एकदा."

आभाळाचा फोटो आम्हा दोघांपैकी कुणीच कधी काढला नव्हता. चाचांचा सगळा धंदा उजेडाचा. त्यांनी पहिला दिवस निवडला तो पौर्णिमेचा. कॅमेऱ्याचा स्टँड घेऊन आम्ही धरणाच्या कडेला गेलो. फोटो आला तो लख्ख निळा, त्यात मोजून सहा ठिपके.

"चाचा, ही तर दुपार दिसायलीय."

माय आता ऊसतोडीला जात नव्हती, गावीच असायची. घरी तिला सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून हसली. "चंद्र असला की तिकांडं फिकं पडतं. एवढं बी कळंना का शिकलेल्यांला?"

म्हणजे अवस पाहिजे. अवसेला चाचांना सुट्टी होतीच, जणू इतकी वर्षं त्याच कामासाठी राखून ठेवलेली. चाचा संध्याकाळच्या एसटीनं आमच्या गावी आले. माय मात्र उंबऱ्यात आडवी आली.

"अवसंला पोरगी माळावर? लोक गाडी जुंपत न्हाईत अवसंला, अन् तुमी फटू काढायला निघालात!"

"आक्का, तासाभरात येतो," चाचा म्हणाले.

मला राग आला. मी म्हणाले, "फडात पाळत होतीस का अवस? कारखाना देत होता का सुट्टी?"

बोलून गेले आणि जीभ चावली. मायनं खुंटीवरची शाल घेतली, चपला घातल्या. "चला. मी बी येते."

त्या रात्री मायच्या मते फोटो झकास आले. कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर मलाही तसंच वाटलं. लेन्सवर आडव्या इंग्रजी आठाची एक खूण असते. लांबचं स्पष्ट हवं तर लेन्सभोवतीची फिरती कडी तिथं न्यायची, हे चाचांनी आयुष्यभर केलेलं. आम्हीही तेच केलं. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवर मोठं करून बघितलं तर एकेक तारा फुगलेल्या वाटाण्यासारखा. कडी खुणेवर होती, पण ताऱ्यांना ती केसभर अलीकडे हवी असते, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. चाचा पडद्याला नाक लावून बराच वेळ बसले.

"माझ्या डोळ्याला तारे दिसायचं बंद व्हायच्या आधी असंच दिसत होतं," एवढंच म्हणाले, आणि थेंब घालायला आत गेले.

पुढची अवस येईपर्यंत मी मोबाइलवर सापडेल ते वाचून काढलं. खुणेवर भरवसा ठेवायचा नाही. एक ठळक तारा पडद्यावर मोठा करायचा आणि तो अगदी बारीक होईपर्यंत कडी फिरवायची. पौषाच्या अवसेला आम्ही तिघं पुन्हा माळावर. जेवणवेळेलाच तिकांडं चांगलं वर आलेलं. वाऱ्यानं स्टँड हलू नये म्हणून खाली दगडांची पिशवी टांगली. पण माझ्या चष्म्याच्या कडेनं वारा, डोळ्यांत पाणी, तारा कधी बारीक झाला ते मला कळेना. चाचांना तर पडद्यावर नुसता उजेड दिसत होता.

"सरक," माय म्हणाली.

"माय, कॅमेरा हाय तो."

"जोंधळ्यातले खडे कोण येचतं घरात? सरक."

तिनं खाली वाकून कडीला दोन बोटं लावली.

"हळू, आक्का. केसाएवढं फिरवा," चाचा म्हणाले.

"जोंधळ्याएवढा हाय... बाजरीएवढा झाला... राजगिरा. आता पुन्हा मोठा व्हायलाय."

"माघारी! माघारी फिरवा!"

"वरडू नका भाऊ, फिरवायलेय. हं. राजगिरा."

चाचांनी चाचपडत कडीवर चिकटपट्टी लावली. कॅमेऱ्याला हात लागून तो हलू नये म्हणून जोडलेल्या वायरचं बटण मी दाबलं. कॅमेरा वीस सेकंद उघडा राहणार होता.

"एक, दोन," चाचांनी सुरू केलं, आणि पहिल्यांदाच पुढे गेले. "तीन, चार..."

"कॅमेरा मोजतो, चाचा."

"मोजू दे त्याला. मी बी मोजतो. पाच, सहा..."

त्यांनी वीसपर्यंत मोजलं. माळावर दुसरा आवाज नव्हता.

सकाळी माय आमच्याबरोबर माजलगावला आली. चाचा पडद्यापुढे बसले. मी एकेक कोपरा मोठा करून दाखवत होते. ते बोट काचेवर टेकवून हळूहळू सरकवत होते, हातगाडीवरची फळं चाचपावीत तसं. शेवटच्या कोपऱ्यावर बोट थांबवून म्हणाले, "पाट्यांवरून दिसायचं ते हेच हाय." मग मायकडे वळून, "आक्का, तुमचं तिकांडं कुठलं?" मायनं त्यांचं बोट धरून तिथं नेलं.

तो फोटो त्यांनी मोठा करून दर्शनी भिंतीवर लावला, तिथला नवरीचा फोटो उतरवून. गिऱ्हाईक विचारायचं, "चाचा, हे कुणाचं लगीन?" दीड वर्षात त्यांची नजर पुरती गेली, तरी काचेवर बोट ठेवून तिकांडं बिनचूक दाखवायचे. नंतर मुलीनं त्यांना परभणीला नेलं. मी नोकरीला लागले. दर अवसेला त्यांचा फोन यायचा, "आज सुट्टी ना? आभाळ कसं हाय?" मी अंगणात जाऊन सांगायची.

गेल्या पावसाळ्यात चाचा गेले. अवस अजून दर महिन्याला येते, मी फोन हातात घेऊन बाहेर उभी राहते, आणि सांगायला कुणी नसतं.

फोटो माझ्याकडे आहे. फार मोठं काही केलं असं मी म्हणत नाही. डोळे जायच्या आत चाचांनी ते आभाळ बघितलं. फोकस माझ्या मायनं लावला होता, आणि बटण मी दाबलं होतं.